वारसा आणि त्याचा भार

चोपड्याहून शापोरा नदी ओलांडून शिवोलीस जावयाचे, तर २००२ साली पूल होईपर्यंत फेरीबोटीवाचून गत्यंतर नव्हते. त्यापूर्वीच्या दशकात आम्ही मुले त्या बोटीने पलीकडे उतरून म्हापशाच्या सेंट झेवियर महाविद्यालयात जात असू. घरी आजीने विरोध केला नाही, फक्त विचारले, “शिकयतले ता खरा, पण घेतले काय?”

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्या फ्रान्सिस झेवियरचे नाव ते महाविद्यालय धारण करते, त्याने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून येथे इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली होती. ते गोव्यात आले १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याच शतकात बार्देशातील देवळे पाडली गेली. तेव्हा १९६३ साली स्थापन झालेली ही कॅथलिक संस्था आपला वारसा आणि सेवाव्रत गौरविते, त्या वेळी नेमके कशाचे गौरवगान होते?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, यातील १२७ वे कलम येथे आठवते. एकाच दानात अनेक वस्तू असून त्यांपैकी एकीवर दायित्वाचा भार असेल, तर भार टाकून उरलेले घेता येत नाही. घ्यावयाचे तर सगळेच. विद्यादानाची परंपरा मिरविणाऱ्याने ते पत्रही आपले म्हटले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आजच्या अध्यापकाकडून चारशे वर्षांपूर्वीचा दंड वसूल करणे हा न्याय नव्हे. स्मरणिकेत एक प्रामाणिक परिच्छेद पुरे.

आणि आजीचा प्रश्न? फीखेरीज माझ्याकडून कोणी काही घेतले नाही. धर्म तर नाहीच. मोबदल्यावाचून दिले ते दान, ही त्याच कायद्याची व्याख्या आहे. त्या सेवेला सेवा म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

परंतु हे कलम आपल्यालाही लागू पडते. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा उभारविले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. मात्र १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे झालेल्या महाजनांच्या याद्यांत कोणाचे आजोबा आले नाहीत, आणि का, हे आपल्या जत्रांच्या स्मरणिकांत किती वेळा छापले गेले? गेल्या वर्षी घरची जुनी वही चाळली. जत्रेत ढोल वाजविणाऱ्यांना दिलेल्या नारळांचा हिशेब तीत चोख आहे. माणसांची नावे नाहीत.