जमिनीखालचे पाणी कोणाचे?

जमीन आपली, पैसा आपला, बोअर आपण मारली. मग तिला लागलेले पाणीही आपलेच, असे म्हणणाऱ्याचे काय चुकले? हिंदुस्थानातील १८८२ च्या इझमेंट ॲक्टाने पाहिले, तर काही चुकले नाही. जमिनीत झिरपणारे पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क तो कायदा मालकाला देतो. पण कायद्याने शिक्षा होत नाही एवढ्यावरून कृत्य योग्य ठरते, असे आम्हांस वाटत नाही.

दख्खनच्या काळ्या कातळाखाली काही समुद्र भरलेला नाही. पावसाचे पाणी वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत मुरते, तेवढेच. जुनी विहीर तीस-चाळीस फुटांची. दिवसभर मोट चालली की पाणी तळाला जाई आणि रात्री झरे भरू द्यावे लागत. मर्यादा डोळ्यांना दिसत होती. बोअर दोनशे, तीनशे फूट खाली जाते. तिथे काय उरले हे कोणाला दिसत नाही आणि खडकातली भेग शेताचा बांध ओळखत नाही. शेजारणीची विहीर मार्चमध्ये आटते, पण ती बोट कोणाकडे दाखवणार? आम्हां परिचारिकांना हे नवे नाही. दुखणे एकीकडे, मूळ दुसरीकडे.

म्हणून बोअर वाईट असे मात्र कोणी समजू नये. नारूचा रोगी ज्यांनी पाहिला आहे त्या असे कधीच म्हणणार नाहीत. पायातून निघणारा तो जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे, आणि तुटला तर रोग्याचे हाल कुत्रा खाईना. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी पाय बुडवी, तेच पाणी गाव पिई. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअरवर हापसे बसले, त्यांचाही नारू जाण्यात वाटा आहे. हिंदुस्थानातला शेवटचा रोगी १९९६ सालचा. शिवाय जुना पाणवठा सर्वांचा होता असेही नाही. १९२७ साली आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता!

तेव्हा प्रश्न भोकाचा नाही, त्यातून किती व कशासाठी उपसायचे याचा आहे. हंडा आणि ऊस यांना एका मापाने मोजता येत नाही. महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई केली, ती याच विचाराने. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी त्याही आधी, सत्तरच्या दशकात, पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी द्यायचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही हिस्सा. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. पाऊस सात-बारा पाहून पडत नाही, मग त्याचे पाणी सात-बारा पाहून का वाटावे?

इथे इस्रायलमध्ये १९५९ च्या कायद्याने सर्व पाणी जनतेचे आहे. जमिनीचा मालक तिच्याखालच्या पाण्याचा मालक नाही. तरीदेखील किनारपट्टीवर बेसुमार उपसा झाला आणि कित्येक विहिरींत खारे पाणी शिरले. सरकारही हावरे होऊ शकते.

आपल्यापैकी काहींची अलिबाग-रेवदंड्याकडे अजून वाडी आहे. ती कसणारे कधी लिहितात, "नारळ सुकत आहेत, बोअरसाठी पैसे पाठवा." पैसे पाठविण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. गावची विहीर किती अंतरावर आहे? आणि समुद्र किती? किनाऱ्याला गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. गोड्याची पातळी एक फूट उतरली की खारे सुमारे चाळीस फूट वर चढू पाहते, आणि ते केवळ आपल्याच वाडीत चढत नाही.