संतोषाआधी अस्तेय

नांदेडहून निघालेला लोहमार्ग मुदखेड, भोकर, हिमायतनगर ही स्थानके मागे टाकीत आदिलाबादकडे जातो, त्या मार्गावर, पैनगंगेच्या काठी आणि सागवानी अरण्याच्या कडेला, किनवट हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. मोठ्या शहरात ज्याची निम्मी मिळकत दोन खोल्यांच्या भाड्यातच गेली असती असा शाळामास्तर, बँकेतला लेखनिक, तहसील कचेरीतला अव्वल कारकून किंवा मोंढ्यातला लहानसा अडत्या येथे अथवा लगतच्या गोकुंद्यात स्वतःचे घर बांधतो, अंगणात लिंबाचे झाड लावतो, वृद्ध आईबापांना जवळ ठेवतो आणि सायंकाळी कामावरून पायी घरी परततो. "इथं निवांत भागतं," असे तो पाहुण्यांना सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात खोटेपणाचा अंशही नसतो. त्याच्या वर्गातली मुले नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईकडे गेली, कोणी पुण्यास, कोणी हैदराबादेस स्थिरावली, त्यांचे पगार त्याच्या कितीतरी पट आहेत, हे त्यास ठाऊक असते. परंतु त्यांच्या आयुष्यातली घाई पाहून त्याला त्यांचा हेवा वाटत नाही. आपल्याला थोडक्यात समाधान मानता आले, ही आपल्यावर झालेली ईश्वरी कृपा आहे, अशी त्याची प्रामाणिक भावना असते, आणि घरातल्या देव्हाऱ्यापुढे तो ती बोलूनही दाखवतो.

मला विचारावासा वाटतो तो प्रश्न या भावनेविषयीचाच आहे. आपल्या धर्मग्रंथांनी आणि संतांनी ज्या संतोषाची थोरवी गायिली तो संतोष आणि स्वस्त गावात पगार पुरल्यामुळे येणारे समाधान ही दोन्ही एकच आहेत काय? आणि एक नसतील, तर दुसऱ्यापासून पहिल्याकडे जाण्याची वाट कोठून आहे?

या मुलखात हा प्रश्न दत्तात्रेयाला वगळून विचारताच येत नाही. किनवटपासून माहूर दूर नाही. पूर्वी ते किनवट तालुक्यातच मोडत असे. रेणुकेचे मंदिर, अनसूयेचे शिखर आणि दत्तशिखर या तीन टेकड्यांनी हा सारा प्रदेश भारलेला आहे. दत्तप्रभू काशीस स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहुरास येतात, ही श्रद्धा येथील लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि आपला प्रदेश देवाने विश्रांतीसाठी निवडला याचा लोकांना सात्त्विक अभिमान वाटतो. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला जो अवधूत भेटतो, त्याला परंपरा दत्तात्रेयच मानते. त्याने पृथ्वी, वायू, आकाश यांच्यापासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत चोवीस गुरू केले. पैठणच्या एकनाथांनी त्याच स्कंधावर आपली विस्तीर्ण टीका रचल्यामुळे ती कथा मराठी माणसाच्या घराघरांत पोचली. त्या चोवीस गुरूंमध्ये एक सर्प आहे. घर बांधण्याचा खटाटोप दुःखाचा आणि निष्फळ आहे, म्हणून सर्प स्वतः घर बांधीत नाही, दुसऱ्याने केलेल्या घरात शिरतो आणि सुखाने नांदतो, असे अवधूत सांगतो आणि यतीने त्याच्यापासून अनासक्ती शिकावी असे सुचवितो.

यतीच्या बाबतीत हे दृष्टान्ताचे बोट जेथे दाखविते तेथे पाहावे हेच योग्य होय. पण गृहस्थ जेव्हा स्वतःच्या सुखवस्तू साधेपणासाठी याच दृष्टान्ताचा आधार घेतो, तेव्हा जे वारूळ सर्पाने व्यापले ते कोणी उभारले, मातीचा कण आणि कण कोणी वाहिला, आणि त्या वाहणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे त्याने विचारलेच पाहिजे. यतीने काही मागितलेले नसते. गृहस्थ मात्र रोज मागतो, रोज विकत घेतो आणि रोज भावात घासाघीस करतो.

किनवटची स्वस्ताई आकाशातून पडलेली नाही. सरकारी नोकराचा पगार राज्याने ठरविलेल्या श्रेणीप्रमाणे येतो. घरभाड्याचा भत्ता गावाच्या आकारमानाप्रमाणे कमीजास्त होत असला, तरी मूळ वेतन किनवटला आणि पुण्याला सारखेच असते. आणि ते वेतन ज्या बाजारात खर्च होते त्या बाजारातील मजुरीचा, मालाचा आणि जागेचा भाव मात्र या तालुक्यातील कोरडवाहू शेतीच्या आणि अरण्याच्या ऐपतीवर ठरतो. या दोहोंमधले अंतर म्हणजेच आपली स्वस्ताई. ज्याच्या शेतात कापूस आणि सोयाबीन पिकते, त्याला दिवाळीच्या तोंडावर रोख पैशाची निकड असते, कृषिसेवा केंद्राची उधारी फेडायची असते, मुलीच्या घरी भाऊबीज न्यायची असते. म्हणून तो आवक सर्वांत जास्त आणि भाव सर्वांत कमी असतो त्याच दिवसांत गाडी मोंढ्यात आणतो. भाव दूरच्या बाजारपेठांत ठरलेला असतो. तो त्यास फक्त कळविण्यात येतो. १९७२ साली राज्याने कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना सुरू केली ती हीच विषमता ओळखून. ती योजना पुढे मोडकळीस आली, तरी जिच्यासाठी ती आणावी लागली ती विषमता काही नाहीशी झाली नाही.

शेतकऱ्याच्याही खाली सालगडी आहे. पाडव्याला त्याचे साल ठरते, उचल घेऊन तो वर्षभरासाठी बांधला जातो, आणि ती उचल मुलाच्या आजारपणात किंवा लग्नकार्यात कधीच संपलेली असते. त्याहून पलीकडे गोंड, कोलाम, आंध, परधान यांचे पाडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मोहफुले, चारोळी, डिंक, तेंदूची पाने हा त्यांच्या वर्षाच्या उपजीविकेतला मोठा हिस्सा. यातला प्रत्येक जिन्नस उन्हाळ्याच्या काहिलीत अरण्यात हिंडून एकेक वेचून गोळा करावा लागतो. कोलाम स्त्री बांबूची टोपली विणते, ती बाजारात आणते, आणि दुपार टळेपर्यंत गिऱ्हाईक न मिळाल्यास मिळेल त्या किमतीस देऊन टाकते, कारण परत नेण्यापेक्षा मीठ-मिरची घेऊन जाणे तिला अधिक आवश्यक असते. आपल्या घराची भिंत रचणारा गवंडी, त्याच्या हाताखाली विटा वाहणाऱ्या बायका, धुणीभांडी करणारी बाई, या सर्वांच्या मजुरीचा आकडा लहान आहे म्हणूनच आपल्या पगाराचा आकडा मोठा वाटतो. आपण ज्याला थोडक्यात भागवणे म्हणतो, त्यात त्यांनी त्याहून कितीतरी थोडक्यात भागवलेले असते, आणि त्यांच्या भागवण्याला कोणी संतोष हे नाव देत नाही.

जमिनीचे प्रकरण याहूनही खोल जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट तालुका हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यात गोंडांच्या कसवणुकीतील जमिनी कागदपत्रांच्या अभावी परक्यांच्या नावे चढत गेल्या; जंगल राखीव झाल्यावर त्यांच्या वस्त्या उठविल्या गेल्या; आणि १९४० साली कुमरम भीम या गोंड पुढाऱ्याने जोडेघाटच्या डोंगरात निजामी सत्तेशी झुंज घेऊन प्राण दिला. त्यानंतरच दरबाराला जाग आली, हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास चौकशीसाठी धाडण्यात आले आणि आदिवासींना पट्टे देण्याचा क्रम सुरू झाला. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर निर्बंध घातले गेले, आणि गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र अधिनियम करावा लागला. कायद्याला असे पुन्हा पुन्हा उठावे लागते, यावरूनच दफ्तरातील फेरफाराच्या नोंदींखाली काय गाडले गेले असेल याची कल्पना येते. म्हणून या प्रदेशात स्वस्त भूखंड मिळाला की विकत घेणाराने सातबाऱ्यावर आजचे नाव पाहून थांबू नये. त्या नावाआधी कोणाचे नाव होते आणि ते कसे कमी झाले, हे जुन्या फेरफारांतून वाचावे, असे मला मनापासून वाटते. वकिलाचा सल्ला म्हणून तर ते खरेच. मला येथे ते साधनेचा भाग म्हणून अभिप्रेत आहे.

याचे कारण पतंजलींच्या क्रमात आहे. त्यांनी यम आधी सांगितले आणि नियम नंतर, आणि संतोष हा नियमांत येतो. यमांची गणना करताना अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हा अनुक्रम त्यांनी ठेवला. आपण मध्यमवर्गीय लोक शेवटच्या अपरिग्रहाकडे आणि त्यापुढच्या संतोषाकडे चटकन वळतो, कारण आपल्याजवळ फारसे नाही एवढे दाखविले की ते साधल्यासारखे वाटते. अस्तेय मात्र आधी उभे आहे. मी किती कमी ठेवले हे विचारण्यापूर्वी, जे घेतले ते कोणाचे होते आणि त्याचे पुरते मोल दिले काय, हे विचारले गेले पाहिजे. ईशावास्याचा पहिलाच मंत्र त्यागपूर्वक भोग घ्यायला सांगून लगेच धन नेमके कोणाचे हा प्रश्न साधकापुढे ठेवतो. आणि गीतेचा तिसरा अध्याय, देवांनी दिलेले भोग त्यांना परत न देता भोगणाऱ्यास चोर हाच शब्द लावतो. गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्तेय आणि असंग्रह ही दोन्ही निरनिराळी मोजलेली आहेत. एकाच्या पालनाने दुसरे आपोआप पाळले जात नाही, ही त्यामागची जाण मला फार महत्त्वाची वाटते: अत्यंत थोडक्या वस्तूंत राहणारा मनुष्यदेखील चोरीच्या वस्तूंत राहत असू शकतो.

यावर एक सरळमार्गी आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाही. बाजारात जो भाव चालू आहे तो मी देतो, मी टोपली घेतली नाही तर त्या बाईला तेवढेही मिळणार नाही, चोरी कशाची? व्यवहाराच्या कसोटीवर हा युक्तिवाद टिकतो. पण अस्तेय हे व्रत आहे, आणि व्रताचा आरंभ व्यवहाराची सीमा संपते तेथे होतो. ज्याला थांबता येते आणि ज्याला थांबता येत नाही, अशा दोघांमध्ये ठरलेला भाव हा दोघांच्या संमतीचा असतो, इतकेच बाजार सांगतो. ती संमती कोणत्या गरजेतून आली हे बाजार पाहत नाही, आणि धर्माला तर तेच पाहायचे असते.

येथे मला दासोपंतांची कथा आठवते. अंबाजोगाईचे हे दत्तभक्त सोळाव्या शतकात होऊन गेले. त्यांचे वडील बेदरच्या बादशाहीचा वसूल पाहणारे अधिकारी होते. एका वर्षी सरकारचा भरणा करता आला नाही म्हणून लहान दासोपंतास बेदरास ओलीस ठेवण्यात आले, आणि मुदतीच्या अखेरीस दत्ताजी पाडेवार या नावाचा एक मनुष्य दरबारात येऊन सर्व रक्कम चुकती करून निघून गेला, असे परंपरा सांगते. तो पाडेवार म्हणजे साक्षात दत्तात्रेय, हे दासोपंतांनी ओळखले, पुढे संसार सोडला, आणि माहुरास येऊन दीर्घ तपश्चर्या केली. चरित्रकार चमत्कारावर भर देतात, आणि भक्ताने तो द्यावाही. पण मला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. आपली सुटका कोणीतरी भरलेल्या पैशाने झाली आहे, आणि भरणारा मनुष्य पाडेवार, म्हणजे गावकीचा चाकर, गावगाड्याच्या अगदी तळाच्या पायरीवरचा होता, हे ज्याला कळले त्याला पूर्वीप्रमाणे घरी बसून राहणे अशक्य झाले. देवाने त्या प्रसंगी देशपांड्याचे किंवा सावकाराचे रूप घेतले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. कथेने पाडेवाराचे रूप ठेवले, आणि त्यात मराठवाड्याच्या जनमानसाने स्वतःचे एक सखोल ज्ञान साठवून ठेवले आहे.

म्हणजे नोकरदाराने नोकरी सोडून माहूर गाठावे काय? तसे मी म्हणत नाही, आणि दासोपंतांच्या वैराग्याची नक्कल कोणी करू नये. किनवटात बसूनच अस्तेय पाळता येण्याजोगे कितीतरी आहे. कचेरीत बसणाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त चोरी होते ती दुसऱ्याच्या दिवसांची. वारसाच्या नोंदीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी, वनहक्काच्या दाव्यासाठी पाड्यावरून आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणून परत पाठवले की त्याची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे बुडते. असे खेटे त्याला वारंवार घालायला लावले की त्याच्या घरातून महिन्याचे धान्य जाते, आणि ते कोठल्याही हिशेबात दिसत नाही. त्याचे काम त्याच दिवशी करून देणारा कारकून कोणतेही दान न करता अस्तेयाचे पालन करतो. आश्रमशाळेतला शिक्षक घंटा वाजल्यापासून सुटेपर्यंत वर्गात राहिला आणि गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी मराठी अक्षर येईपर्यंत त्याने धीर सोडला नाही, तर त्याचा पगार त्याला फळला. अडत्याने मापात आणि कटतीत हात राखला, घरमालकाने गवंड्याची मजुरी काम संपताच चुकती केली, गृहिणीने टोपलीची किंमत पाडून न मागता सांगितली तेवढी दिली, सालगड्याचे साल ठरवताना त्याच्या आजारपणाचे दिवस कापले नाहीत, तर याला मी पूजाच म्हणेन. नित्याच्या आरतीइतकीच ही पूजाही नियमित झाली पाहिजे.

यातून एक परिणाम निश्चित संभवतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कापसाला न्याय्य भाव मिळाला, मजुरी वाढली, टोपलीचे मोल तिच्या विणकरणीने ठरवले, गेलेल्या जमिनी मूळ धन्यांकडे परतल्या, तर किनवट आजच्याइतके स्वस्त राहणार नाही. आपल्या पगारात घर होणार नाही, झाले तर लहान होईल. धुणीभांडी आपली आपल्याला करावी लागतील. काही सुखे सोडावी लागतील. त्या दिवशी ज्याच्या देव्हाऱ्यापुढची प्रार्थना आजच्यासारखीच शांत राहील, आणि गाव महाग झाले म्हणून जो कुरकुरणार नाही, त्याच्या संतोषाला मी पतंजलींच्या अर्थाने संतोष म्हणेन. ती कसोटी या गावावर, आणि इतरांबरोबर माझ्यावरही, माझ्या हयातीतच यावी अशी माझी दत्तचरणी प्रार्थना आहे.