दर्शन आणि प्रदर्शन

गुहागर तालुक्यातील हेदवी येथील दशभुज लक्ष्मीगणेशाची मूर्ती पांढऱ्या संगमरवराची आहे, तिला दहा हात आहेत आणि तिच्या डाव्या मांडीवर लक्ष्मी आहे. ही तीनही विधाने एखाद्या संग्रहालयाच्या नोंदपत्रात सहज बसतील. गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या भाविकाच्या अनुभवात मात्र ती विधानांच्या रूपाने येत नाहीत. तो दर्शनाला आलेला असतो, आणि दर्शनात पाहण्याइतकेच पाहिले जाणेही अभिप्रेत असते. वस्त्रे, फुले व अलंकार यांमुळे शिल्पकाराचे काम बरेचसे झाकले जाते, याची खंत त्याला नसते. ती कलासमीक्षकाला असते.

अशीच एखादी मूर्ती संग्रहालयात गेली म्हणजे नेमके काय घडते? मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ या नावाने लोकांसाठी खुले झाले. तेथे शैव, वैष्णव, बौद्ध व जैन शिल्पे आहेत आणि टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी व जपानी कलावस्तूही आहेत. या सर्वांना एका छताखाली आणणारे सूत्र शतक, प्रांत आणि माध्यम यांचे आहे. वाल्टर बेंजामिनने केलेला पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य हा भेद येथे डोळ्यांना दिसतो. रा. भा. पाटणकरांची संज्ञा वापरायची तर, संग्रहालय म्हणजे अलौकिकतावादी सौंदर्यशास्त्राने स्वतःसाठी बांधून घेतलेली वास्तूच होय. या भूमिकेला सर्वांत कडवा विरोध करणारे आनंद कुमारस्वामी १९१७ पासून बोस्टनच्या संग्रहालयातच काम करीत होते, हा योगायोग बोलका आहे.

यावरून संग्रहालय हा देवाचा वनवास होय, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे. पाषाण आणि दैवत यांचे नाते अतूट आहे, असे परंपराही मानत नाही. पार्थिव गणपतीची उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून किंचित हलविली, की उरते ती माती. जीर्णोद्धाराच्या वेळी देवत्व कलशात उतरवून घेण्याचा विधी आहेच. तेव्हा स्थानांतर हा स्वतः दोष ठरत नाही. संग्रहालयांतील बहुसंख्य मूर्तींच्या बाबतीत असा निरोप कोणी दिलेलाच नाही. त्या उत्खननातून, खरेदीतून, लुटीतून, चोरीतून आल्या. नैतिक पेच आहे तो या न दिलेल्या निरोपाचा.

कायद्याने हा पेच आपल्या परीने हाताळला आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्तीला विधिदृष्ट्या व्यक्तित्व आहे, हे मान्य केले. तमिळनाडूतील पत्तूर येथे १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला नटराज चोरट्या मार्गाने लंडनला पोहोचला, तेव्हा तेथील न्यायालयांनी मंदिराचा दावा ग्राह्य धरला आणि १९९१ मध्ये मूर्ती भारतात परत आली. परतल्यावर मात्र सुरक्षिततेसाठी ती सरकारी संरक्षणात राहिली. न्याय झाला, पण दर्शन लांबले.

परंतु या सर्व चर्चेत एक गृहीतक बिनबोभाट वावरते: मंदिरातले दर्शन सर्वांचेच होते. ते तसे नव्हते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, त्या वेळी मुंबईचे संग्रहालय खुले होऊन आठ वर्षे उलटली होती. ज्याला देवळाचा उंबरठा निषिद्ध होता, तो माणूस त्या दालनात विष्णूच्या मूर्तीपासून हातभर अंतरावर उभा राहू शकत होता. तेथे जन्माची अट नव्हती. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले, आणि त्यासाठी नवे देऊळ बांधावे लागले, यातच जुन्या देवळांच्या दारांविषयी पुरेसे सांगितले गेले आहे. ‘जिवंत मूर्ती’ आणि ‘मृत वस्तू’ अशी जोडी लावणाऱ्या अभ्यासकाने हे जिवंतपण कोणाच्या वाट्याला येत होते, हेही विचारावयास हवे.

म्हणून संग्रहालयाची तटस्थ दृष्टी हाच मुक्तीचा मार्ग, असेही म्हणता येत नाही. सत्याग्रहींना शिल्प पाहावयाचे नव्हते. डॉ. आंबेडकरांच्या लेखी तो प्रश्न मुळातच माणुसकीच्या हक्कांचा होता, आणि १९३५ च्या येवले परिषदेनंतर तो मार्गच सोडून देण्यात आला. काचेपलीकडच्या विष्णूने कोणालाही अडविले नाही हे खरे. परंतु तेथे अडविण्याजोगे नातेच शिल्लक नव्हते. समता मिळते ती नाते विझल्यावर, आणि नाते टिकते ते कोणाला तरी बाहेर ठेवून, अशी ही अडचण आहे. सौंदर्यशास्त्राने आजवर तिचा पहिला अर्धाच अभ्यासिला.

मूर्तीखालच्या पाटीवर शतक असते, प्रांत असतो, पाषाणाची जात असते. ती मूळ जागी असताना तिच्यासमोर कोण उभे राहू शकत नव्हते, ही नोंद पाटीवर नसते. देवळाच्या माहितीफलकावरही ती क्वचितच आढळते.