मदयनचा पाणवठा आणि आपल्या घरातील वृद्ध





दिव्य कुरआनच्या सूरह अल्-कससमध्ये (२८:२३-२४) पैगंबर मूसा (अ.) यांचा एक प्रसंग आहे. मिस्र सोडून आलेला हा परका तरुण मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचला. तेथे मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन स्त्रिया आपली जनावरे थोपवून बाजूला उभ्या होत्या. मूसा (अ.) यांनी आधी त्यांची अडचण विचारली. वडील फार वृद्ध आहेत आणि गर्दी हटल्याशिवाय पाणी पाजता येत नाही, असे कळले. त्यांनी जनावरांना पाणी पाजले आणि ते सावलीत निघून गेले. मोबदला मागितला नाही. हात पसरले ते केवळ अल्लाहपुढे.

आपल्या वृद्धांपुढे आज असाच एक पाणवठा आहे. शासनाची ई-संजीवनी सेवा एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरी बसलेल्या रुग्णांसाठी खुली झाली. तीत डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. चिकलठाण्यातील गुडघे दुखणाऱ्या आजीला प्रत्येक शंकेसाठी घाटी रुग्णालयाची रांग धरावी लागू नये, अशी ही सोय. परंतु मोबाइल क्रमांक, ओटीपी, टोकन आणि मग व्हिडिओ, ही त्या पाणवठ्यावरची गर्दी आहे. पाणी समोर दिसते, हात पोहोचत नाही. मुलगा एमआयडीसीत पाळीवर गेलेला असतो.

महाविद्यालयीन तरुणांनो, हे काम तुमचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास सेवेची नोंद होते. त्यांतील काही तास आपल्या मोहल्ल्यातील वृद्धांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, अवश्य द्या. मात्र मदतीचेही शिष्टाचार असतात, हे मी स्वतः चुकून शिकलो.

एकदा असरच्या नमाजनंतर एका चाचांनी माझ्या हाती मोबाइल दिला. मी सर्व जुळवून दिले आणि शेजारीच बसून राहिलो. डॉक्टरांनी लघवीच्या त्रासाविषयी विचारले. चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि ‘नाही’ म्हणाले. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने उठलो. दारापर्यंत परतलो, तेव्हा ते तोच त्रास सांगत होते. मी तिथूनच मागे फिरलो. (हे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.) मूसा (अ.) सावलीत का गेले असावेत, याचा एक अर्थ त्या दिवशी मला उमगला. मदत करणाऱ्याने वेळीच बाजूला होणे, हाही मदतीचाच भाग आहे.

म्हणून आधी विचारा. मग बटण त्यांच्याच बोटाने दाबवून घ्या. संभाषण सुरू झाले की दूर व्हा. त्यांनी थांबायला सांगितले तरच थांबा. खालांजवळ एखादी मुलगी बसू द्या. ओटीपी, आजार आणि औषधाची चिठ्ठी ही अमानत आहे. ती चौकात सांगणे म्हणजे खयानत. छातीत कळ किंवा श्वास कोंडणे असेल, तर व्हिडिओची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

आणि घरातील मुलांनो, आई-वडिलांपुढे त्राग्याचा साधा उद्गारही काढण्यास कुरआनने मनाई केली आहे (१७:२३). तेच बटण चौथ्यांदा विचारले जाते, तेव्हाच या आज्ञेची खरी कसोटी असते. तुम्हाला चालायला शिकवताना त्यांनी किती वेळा हात धरला, याची मोजदाद कोणी ठेवली होती?

हे अल्लाह, आमच्या वडीलधाऱ्यांना आरोग्य दे, आमच्या तरुणांना सेवेची संधी दे आणि सेवेनंतर सावलीत जाण्याची नम्रताही दे. आमीन.