भिंतीतली वाट

उद्या सकाळी घरातलं पाणी बंद होणार आहे. गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह फिरवला जाईल, बाथरूमच्या टाइल्स फुटतील आणि इमारत उभी राहिल्यापासून भिंतीत असलेली जी.आय.ची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, लाइन बाहेर निघेल. पिंप, कळशा, बादल्या भरून झाल्या असतील तर आता थोडा वेळ बसा. सामानाची यादी बाजूला ठेवा. श्वास संथ होऊ द्या. या घरात पाणी ज्या वाटेने येतं, त्या वाटेने आज एकदा मनाने चालून येऊ.

आधी दिवस आठवा. पहाटे तोंडावर मारलेला पहिला हबका. तांदूळ धुताना बोटांमधून निसटणारं दुधाळ पाणी. तापलेल्या पोराच्या कपाळावरची ओली पट्टी. वारलेल्या माणसाला घातलेली शेवटची अंघोळ. घरातला जन्म, आजार, सण, सुतक, सगळं याच पाण्याने पार पडलं. नळ आपण घासून लखलखीत ठेवला. त्यामागच्या पाइपाची आठवण मात्र गळती झाली तेव्हाच आली. आज ती आठवण विनातक्रार करू या.

आता काढलेल्या पाइपाचा एक तुकडा हातात आहे असं समजा. बाहेरून तो धडधाकट दिसतो. आत डोकावून पाहा. जस्ताचा थर केव्हाच संपला आहे, खालचं लोखंड गंजून फुगलं आहे आणि त्यावर क्षार चढले आहेत. वसई-विरारच्या कितीतरी इमारतींत महापालिकेचं पाणी कमी पडलं की बोअरिंगचं चालतं, तेही आटलं की टँकर येतो. समुद्र आणि खाडी जवळ असलेल्या या भूमीत जमिनीतून उपसलेलं पाणी पुष्कळदा जड आणि मचूळ असतं. टाकी रिकामी झाली की लाइनही रिकामी होते आणि ओल्या लोखंडाला हवा मिळून गंज आणखी वाढतो. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला की पाण्याची वाट चौथा हिस्साच उरते. हे एका दिवसात घडत नाही. धार बारीक होत जाते, आपण बादलीखाली थोडं जास्त थांबू लागतो, आणि मग तेच अंगवळणी पडतं.

इथे थांबा. असं अंगवळणी पडलेलं आपल्या जगण्यात आणखी काय आहे? कोणत्या नात्यातली धार बारीक झाली आणि आपण फक्त वाट पाहायला शिकलो? उत्तराची घाई नको. प्रश्न थोडा वेळ जवळ असू द्या.

आता डोळे मिटा आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चला. स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या टाकीत. तिथून पंपाच्या लाइनने जमिनीखालच्या टाकीत. फाटकाबाहेर महापालिकेच्या मोठ्या वाहिनीत. मग शहर मागे टाकून उत्तरेला. महामार्ग, वैतरणेचं रुंद पात्र, पुढे धुकटणचं जलशुद्धीकरण केंद्र आणि मासवण, जिथे सूर्या नदीचं पाणी उचललं जातं. नदीच्या काठाने आणखी वर कवडास, आणि त्याच्याही वर धामणी धरण. पलीकडे जव्हारकडचे डोंगर, जिथे आषाढात पाऊस कोसळतो. आपल्या पेल्यातलं पाणी त्या डोंगरांवरून उतरलेलं आहे. पुढे याच नदीवरून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) दिवसाला 403 दशलक्ष लिटर पाण्याची योजना आली. त्यात वसई-विरारचा वाटा 185 दशलक्ष लिटरचा आणि मीरा-भाईंदरचा 218 दशलक्ष लिटरचा. तिच्यासाठी मेंढवणखिंडीत आणि तुंगारेश्वरच्या डोंगरात बोगदे खोदावे लागले.

धरणापाशी जरा जास्त वेळ थांबा. सूर्या प्रकल्प आखला गेला तो आदिवासी भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. त्यासाठी आदिवासी कुटुंबांच्या जमिनी गेल्या. पुढे पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी आमच्या शेताचं काय, असं विचारलं. तो प्रश्न रास्त आहे. मनात अपराधाचं ओझं घेऊ नका, पण नजरही वळवू नका. तिथल्या एका शेताकडे मनाने पाहा आणि आपण पीत आहोत ते पाणी त्या शेताच्याही हक्काचं आहे, हे स्वतःशी एकदा स्पष्ट म्हणा.

परत येताना वसईच्या पश्चिमेच्या गावांकडे वळा. निर्मळ, वाघोली, भुईगाव, सांडोर. इथे पाइपांच्या कितीतरी आधी बावखलं, म्हणजे छोटी तळी, होती. पावसाचं गोडं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं आणि विहिरींना जिवंत ठेवायचं. त्या विहिरींवर रहाट चालले, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या पिकल्या. शहर वाढलं तसं विहिरींचं पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. हे ओळखून इथली माणसं उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ याच पाण्यासाठी आणि याच झाडांसाठी होती. ज्यांनी बावखलं बुजू दिली नाहीत, त्यांचेही उपकार आपल्यावर आहेत.

आता घरात या. उद्या नवी लाइन पडेल. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी. प्लंबर पाइप कापेल, कड साफ करेल, सोल्यूशन लावून एल्बो बसवेल आणि जोड सुकेपर्यंत थांबेल. त्याच्या त्या थांबण्याला मान द्या. टाइल लावण्याआधी लाइनमध्ये दाबाने पाणी भरून ती तपासू द्या. एक दिवस जास्त गेला तरी चालेल. भिंत बंद होण्यापूर्वी पाइप कुठून कुठे गेले आहेत त्याचे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा, पुढे या घरात राहणाऱ्यांना ते लागतील. प्लंबरला बसवून चहा द्या. तुमच्या घराच्या पुढच्या कित्येक वर्षांची काळजी त्याच्या हातात आहे.

आणि नळाला पुन्हा जोरात धार आली की एवढं करा. कॉक अर्धाच उघडा. ठिबकणारा वायसर त्याच आठवड्यात बदला. सोसायटीच्या बैठकीत टाकी धुण्याचा, गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा विषय तुम्ही स्वतः काढा. सूर्येच्या काठचे लोक पाण्याचा हक्क मागतील, तेव्हा त्यांच्या बाजूने बोला. पाइप नवा झाला, आता पाणी वापरण्याची आपली रीतही नवी होऊ द्या.