सरकीचा हिशेब

वेचलेला कापूस रेच्यातून काढला असता वजनाने सुमारे एक तृतीयांश रुई आणि दोन तृतीयांश सरकी निघते. म्हणजे ज्या तंतूसाठी या पिकाला पांढरे सोने ही पदवी बहाल झाली तो तंतू त्या पिकाचा धाकटा हिस्सा असून, थोरल्या हिश्शाची मात्र बाजारात कोणी आस्थेने विचारपूस करीत नाही, ही गोष्ट मला मोठी विचार करण्याजोगी वाटते.

या उपेक्षेला इतिहासही कारण आहे. 1853 च्या तहाने निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड मुलूख कंपनीच्या हवाली झाला, आणि पुढे 1861 साली अमेरिकेत यादवी पेटून मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडू लागल्या, तेव्हा साहेबाच्या दफ्तरात ज्या कापसाची मातब्बरी वाढली तो गाठीत दाबून बोटीवर चढणारा कापूस होता. गिरणीला सरकी नको होती. म्हणून हिशेबालाही ती नको झाली.

आमच्या घरी मात्र तिचा हिशेब होता. आजी पाटावर कापूस पसरून लोखंडी सळईने सरकी सुटी करी, ती गाईच्या आंबोणासाठी वाटीत जमवी, आणि मग दुधाने बोट ओलावून फुलवाती वळीत बसे. कुंकवाचे ठिपके लावलेले गेजवस्त्रही त्याच कापसाचे. त्या सरकीत तेल आहे, ते शुद्ध करून खाण्यात आणि साबणात जाते. अशुद्ध तेलात गॉसिपॉल नावाचे विष असते, ते रवंथ करणाऱ्या जनावराला बेताच्या प्रमाणात सोसते, माणसाला नाही. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव सुताच्या कामाची नसली, तरी ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोज होय. याच सेल्युलोजच्या जोरावर 1846 साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची प्रक्रिया करून स्फोटक द्रव्य सिद्ध केले. चित्रपटाची जुनी ज्वालाग्राही फीतही त्याच कुळातली. (समईतल्या वातीला हे गोत्र न सांगितलेले बरे!)

राहता राहिली पऱ्हाटी. वेचणी आटोपल्यावर उपटलेल्या काड्यांचे भारे चुलीला लागतात, त्यांचेच कूड विणून शेणमातीने लिंपले जातात, आणि या एका अवयवावर कोणताही दलाल हक्क सांगत नाही. बाकी सारे बोंड रुईच्या उताऱ्यावर तोलून विकले जाते, आणि बाजारातून परतणाऱ्या त्याच शेतकऱ्याच्या गाडीत सरकीच्या पेंडीचे एखादे पोते असते, रोख पैसे मोजून घेतलेले.