धारवाडचा बर्फ

थंडीत पांघरायची कौदी आमच्या धारवाडात भर उन्हाळ्यात शिवतात. लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळं त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलं नाही. जानेवारीत विनिपेगहून भाचीचा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं. तिच्या दाराबाहेर गुडघाभर बर्फ, पारा शून्याखाली पंचवीस, आणि ती तळघरात बसून पुस्तकांचं कपाट करत होती. फळ्या तिनंच कापलेल्या, पॉलिश पेपर तिनंच मारलेला. खिळा ठोकायलाही सुताराला बोलावणाऱ्या घरातली मुलगी! म्हणाली, "मामा, इथं हिवाळ्यात सगळेच काही ना काही करतात. कुणी स्वेटर विणतं, कुणी खुर्ची दुरुस्त करतं. तुमच्याकडे काय करता हो हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात आम्ही घरी असतोच कुठं!" मी म्हणालो.

बोलून गेलो, आणि मग ते वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना.

बर्फ करतो काय, ते आधी नीट बघायला हवं. तो शेत बंद करतो आणि मग दार बंद करतो. काश्मिरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी असते, तिला 'चिल्लई कलान' म्हणतात. फिरन या सैल अंगरख्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी घेऊन घराघरांत माणसं सुईकाम करत, गालिच्याच्या मागावर बसत, कागदाच्या लगद्याच्या डब्यांवर रंग चढवत. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडच्या शेतकऱ्याचा हिवाळाही तसाच. चुलीपाशी बसून चमचे कोरायचे, टोपल्या विणायच्या, कुऱ्हाडीला दांडा बसवायचा. या लोकांना हौस होती म्हणून हे काम झालं असं आपण म्हणतो. मला वाटतं, हौस मागाहून आली. आधी दार लागलं.

मोकळा वेळ आणि अडकलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळा वेळ माणसाला घरात राहू देत नाही. रविवार मोकळा असतो, म्हणून तर आपण साधनकेरीच्या तळ्यावर जातो, हुबळीला उणकलच्या बाजूला चक्कर मारतो, नाहीतर कुणाच्या तरी मुंजीला जेवून येतो. अडकलेल्या वेळेला बाहेरची वाट नसते. माणूस थोडा वेळ येरझाऱ्या घालतो, थोडा चिडतो, आणि मग त्याचे हात आपोआप एखाद्या वस्तूकडे जातात. हातकामाचा कच्चा माल लाकूड किंवा लोकर असं आपण धरून चालतो. खरा कच्चा माल हा अडकलेला वेळ आहे.

मग आमच्याकडे तो अडकवतं कोण?

थंडी तर नाहीच. डिसेंबरात धारवाडचा पारा रात्री 12-14 अंशांवर आला की आम्ही कानटोपी शोधतो, पण सकाळी नऊला ऊन अंगणात येऊन बसतं. शिवाय आमचा हिवाळा सगळ्यांत जास्त पायांवरचा ऋतू. कापूस वेचायला आलेला असतो, हरभरा घाटे धरतो, रबीचा जोंधळा उंच होत असतो. येळ्ळ अमावास्येला तर अख्खं घर शेतात. जोंधळ्याची कडक भाकरी, येण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगांच्या पोळ्या असं सगळं बांधून न्यायचं, रानाला 'चरगा' म्हणून नैवेद्य शिंपडायचा आणि तिथंच जेवायचं. त्यानंतर संक्रांत, मग जत्रा. म्हणजे बर्फाच्या देशात हिवाळा दार लावतो, आमच्याकडे तो दार उघडून बाहेर ढकलतो. भाचीला मी दिलेलं उत्तर इतपत बरोबर होतं.

पाऊस मात्र दार लावतो. हुबळी इथून फक्त वीस किलोमीटर, पण ती काळ्या जमिनीच्या पठारात बसलेली, आणि धारवाड मलनाडाच्या, म्हणजे पावसाळी डोंगरपट्ट्याच्या उंबऱ्यावर. तिकडे लख्ख पडलेलं असताना इकडे बारीक झड लागलेली असते. (धारवाडचा माणूस छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे हुबळीकरांचं ठरलेलं हसू.) या झडीचं म्हणून एक हातकाम आहे, आणि ते मातीचं. ज्येष्ठातल्या अमावास्येला इथं 'मण्णेत्तिन अमावास्ये' म्हणतात, मातीच्या बैलांची अमावास्या. देशावर पोळा येतो तो श्रावणाच्या अखेरीस. इथं मृगाचा पाऊस नुकताच मुरलेला असतो, माती लोण्यासारखी झालेली असते, तेव्हाच घराघरांत बैल वळले जातात. आषाढातल्या मंगळवारी मातीची गुळ्ळव्वा, पंचमीला नाग, भाद्रपदात गणपती. ओल हाच या कामाचा जीव आहे. पण तीच ओल दुसऱ्या सगळ्या कामांची वैरी. धुतलेलं लुगडं चार दिवस दोरीवर कुबट होतं, पापड वाळत नाही, आणि काळ्या कापडावर सुई चालवायला लागणारा उजेड दुपारी दोनलाही खिडकीत येत नाही. पावसानं दार लावलं तरी तो हातात चिखलाशिवाय फार काही देत नाही.

उरला उन्हाळा. फाल्गुनात सुगी आटोपते. शेतात ढेकळं राहतात आणि मृगापर्यंत तिथं फारसं काम नसतं. म्हणजे शेत बंद झालं. मग चैत्र-वैशाखात पारा 37-38 वर गेला की बारा ते चार दारही बंद होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. खिडकीचं एक झडप ओढून घ्यायचं, सोप्यावर पाणी शिंपडायचं, आणि बसायचं. बर्फ जे जे करतो ते सगळं इथं ऊन करतं. आमचा बर्फ चैत्रात पडतो, एवढंच.

इथं खरं तर थांबता आलं असतं. भाचीला फोन करून सांगितलंसुद्धा. ती हसली आणि म्हणाली, "पण चारला उघडतं ना तुमचं दार?"

आता आली पंचाईत. तिच्या या एका प्रश्नानं मला जे दिसलं, ते माझ्या त्या हुशार वाक्यापेक्षा जास्त मोलाचं निघालं.

गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत साधारण 75 दिवस धरा. दुपारचे चार तास, म्हणजे 300 तास. तास काही कमी नाहीत. पण विनिपेगचा हिवाळा हा एक अखंड ठोकळा आहे आणि आमचा उन्हाळा म्हणजे कापून ठेवलेल्या वड्या. तिच्या तळघरात फळ्या मांडून ठेवल्या तरी आठवडाभर कुणी त्यांना हात लावत नाही, डिंक निवांत वाळतो. इथं चार वाजता दार उघडणार, चहा होणार, कुणीतरी 'अक्का, आहात का घरात?' म्हणत येणार, आणि सोपा रिकामा लागणार. तेव्हा आमच्या हातकामाला एक अट पडली: ते कुठल्याही क्षणी घडी घालून ट्रंकेवर ठेवता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी बाराला तिथूनच उचलता आलं पाहिजे.

कौदी ही अट पुरेपूर पाळते. देशावरच्या वाकळेची ही बहीण. जुनी सुती लुगडी, धोतरं, पोरांचे विटके सदरे. थरावर थर अंथरायचे, वर ठिगळं लावायची आणि जाड दोऱ्यानं धावदोरा घालत जायचं. आज एक वीत, उद्या दीड वीत. अर्ध्यात सोडली तरी ती उसवत नाही. चार बायका चार कोपऱ्यांना बसू शकतात आणि एकीला रडणाऱ्या पोरासाठी उठावं लागलं तर कुणाचं काही अडत नाही. आमच्या कलघटगी तालुक्यात आणि पलीकडे हळ्याळ-येल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज, आणि त्यांची बोली कोकणी-मराठीच्या घरातली. त्यांच्या बायका जी कवंदी शिवतात ती एका कोपऱ्यातून सुरू होते, कडेकडेनं फिरत आत आत येते आणि मध्यावर संपते. कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची 'फुलं' बसवतात. फुलांशिवायची कवंदी त्यांच्या लेखी उघडी, अपुरी. कडेकडून आत येणाऱ्या कामाची सोय अशी की कडा आधी पक्की होते, मधलं कितीही दिवस राहू शकतं. हे मी माझ्या डोक्यानं म्हणतो आहे, त्यांनी तसा विचार करून केलं असं नाही. पण अडकलेल्या वेळेला जसा आकार, तसा कामालाही येतो, हे मला तिथं स्पष्ट दिसतं.

कसुती, म्हणजे आमच्याकडचं भरतकाम, थोडी हट्टी. कापडावर नक्षी आखायची नाही, ठसा उमटवायचा नाही. ताणे-बाणे मोजत जायचं. गाठ मारायची नाही. गावंती टाक्यात सुई जाताना एक सोडून एक टाका घेते आणि परतताना राहिलेल्या जागा भरते, म्हणून पुढून-मागून नक्षी सारखीच दिसते. मुरगी पायऱ्यांसारखी चढते, नेगी विणकामासारखी दिसते, मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखी फुली. आता यात जाण्याच्या वाटेवर उठलात तर संपलं: अर्धं गोपूर, मोजणी हरवलेली. मग उपाय काय? नक्षीच लहान करायची. तुळशीवृंदावन, पाळणा, राघू, हत्ती, रथ. एका दुपारी जाऊन परत येता येईल एवढंच. माझ्या आईच्या काळ्या चंद्रकळेवर असे कितीतरी राघू आहेत आणि एकेका राघूचा आकार एका दुपारएवढा आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काय की बाई. मला तर मोठा येतच नव्हता." माझ्या सगळ्या निरूपणावर पाणी! तरी मी ते मागे घेत नाही.

शेवयांचंही तेच. खाचांच्या पाटावर बसून कणीक ओढायची, तार काठीवर टाकायची. जेवढं पीठ मळलं तेवढीच दुपार.

एक गोष्ट इथं झाकून ठेवता येणार नाही. हे दार लागायचं ते मुख्यतः बायकांवर. पुरुष वडाखाली, देवळाच्या कट्ट्यावर, नाहीतर गोधडीवरच आडवे. उरलेल्या कापडातून कौदी व्हायची आणि बाईच्या उरलेल्या वेळातून ती शिवली जायची. त्या वेळेवर तिचं नाव नसे, म्हणून तो 'रिकामा' म्हणायचा. उन्हानं बंद केलेलं दार चारला उघडे. बाकीची जी दारं बंद होती ती ऊन उतरलं तरी उघडत नसत. कसुतीच्या राघूचं कौतुक करताना हे विसरलं की कौतुक स्वस्त होतं.

उत्तरेकडच्या लोकांच्या हातकामालाही एक दिवस अडचण आली, जरा वेगळ्या दारानं. कारखान्याचा चमचा स्वस्त झाला आणि चुलीपाशी चमचा कोरणं थांबलं. फिनलंडनं 1866 मध्ये उनो सिग्नेयस यांच्या आग्रहानं हातकाम शाळेत आणलं. पुढं स्वीडनमध्ये नेस इथं ऑटो सॉलोमन यांनी शिक्षकांना त्याचे धडे दिले. 'स्लॉइड' नावानं ते जगभर गेलं. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफायची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला. त्या विचाराची वाट निराळी होती, पण घरातून निघून गेलेलं काम शाळेच्या दारानं आत आणायचं, हे दोन्हीकडे सारखं. माझ्या वाट्याला त्याचा जो शेवटचा तुकडा आला त्याचं नाव 'कार्यानुभव'. पस्तीस मिनिटांचा तास. सुईत दोरा ओवेपर्यंत घंटा. काम आणलं होतं, अडकलेला वेळ आणायचा राहिला होता.

तो एकदा अचानक आला. 2020 साली टाळेबंदी सुरू झाली ती 25 मार्चला, म्हणजे नेमक्या गुढीपाडव्याला. आमच्या बर्फाचा पहिलाच दिवस. आणि या वेळी चारला दार उघडेना. कट्ट्यावरचे पुरुष घरात आले. मी पहिला आठवडा येरझाऱ्या घातल्या, दुसऱ्या आठवड्यात मोडक्या खुर्चीला नवी नवार भरली, तिसऱ्यात आईसमोर बसून मेंथीची फुली शिकलो. चंद्रकळेला हात लावू दिला नाही तिनं; पोत्याच्या तुकड्यावर शिकवलं, कारण त्याचे धागे माझ्यासारख्यालाही मोजता येतात. हत्ती काढला. सोंड चुकली. जूनमध्ये दारं उघडली आणि मी तो हत्ती तसाच सोडून बाहेर गेलो.

आता पंखा आहे, काही घरांत एसी आहे, बाराच्या उन्हात जेवण घेऊन येणारा मुलगा मोटारसायकलवर आहे. ऊन पडतं, पण दार लागत नाही. शेजारच्या अज्जींकडे मात्र अजून लागतं. यंदा वैशाखात त्यांनी नातवासाठी कौदी घातली होती, गच्चीवरच्या सावलीत, सुनेच्या जुन्या नायट्या आणि मुलाच्या शर्टांची. एके दिवशी साडेतीनला आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि वळवाबरोबर गारा आल्या. सुपारीएवढ्या. पत्र्यावर ताशे वाजायला लागले, पोरं वाटी घेऊन अंगणात, कुणाचे पापड, कुणाची मिरची, सगळी पळापळ. मी धावत गच्चीवर गेलो तर अज्जी कौदीवर पालथ्या पडून तिला गोळा करत होत्या. दोघांनी मिळून जिन्यात ओढली. घडीत दहा-बारा गारा अडकलेल्या. त्यांनी एकेक वेचून बाहेर फेकली, एक तोंडात टाकली, आणि दोऱ्याचं टोक कुठं राहिलं ते शोधायला लागल्या.